मामांच्या तिकिटावर मारलेला शिक्का

माझा आवाज मोठा आहे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मशिनच्या खडखडाटात इतकी वर्षं बोलल्यावर तो मोठा होणारच, असं मी लोकांना सांगतो. बायको म्हणते, "लग्नाआधीपासनंच तसा हाय, मशिनला कशाला बोल लावताय?" खरं तिचंच आहे. चुकलेल्या माणसाला चारचौघांत झाडायला मला मनापासून आवडायचं. त्यात नोकरी क्वालिटीची. म्हणजे दिवसभर दुसऱ्याची चूक शोधायची आणि सापडली की त्या नगावर लाल रंगाचा ब्रश ओढायचा. लाल रंग लागलेला नग पुन्हा चांगल्या मालात मिसळत नाही, म्हणून तो ओढायचा असतो. मी मात्र जरा जास्तच जोरात ओढायचो.

हे लिहिताना कुणाचंच नाव घालणार नाही. इतरांची लाज राखायची म्हणून नव्हे. माझं स्वतःचं नाव लिहायला हात धजत नाही, हे खरं कारण.

पोस्टाची तिकिटं मी नोकरीला लागलो तेव्हापासून जमवतो, त्यातही जुन्या संस्थानांची. स्वातंत्र्याआधी काही संस्थानं आपली तिकिटं आपणच छापायची, साध्या छापखान्यात, मिळेल त्या कागदावर. पुढं परदेशातल्या छंदी लोकांना ती हवीहवीशी झाली, तोवर तिकिटं संपलेली. मग एकदोन संस्थानांनी जुने साचे बाहेर काढले आणि टपालासाठी नाही, नुसतं या हौशी मंडळींसाठी तीच तिकिटं परत छापली. त्याला पुनर्मुद्रण म्हणायचं. साचा खरा, पण तिकीट उशिराचं. आणि काही लबाडांनी साचाच दुसरा बनवला, ती बनावट. मूळ कुठलं, पुनर्मुद्रण कुठलं आणि बनावट कुठलं, हे ज्याला ओळखता येतं तो आमच्यात तज्ज्ञ. मी तज्ज्ञ होतो. निदान कोल्हापुरात तसं समजत होते, आणि जे समजत नव्हते त्यांना मी समजावून सांगत होतो.

आमचं पंधरा-वीस जणांचं मंडळ आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात आम्ही जमतो. अध्यक्ष बँकेतून रिटायर झालेले. एक दातांचे डॉक्टर आहेत, दोघं-तिघं दुकानदार, बाकीचे नोकरीवाले. या मंडळात एक नियम मी आणला. बनावट तिकीट निघालं की त्याच्या पाठीवर शिक्का मारायचा, म्हणजे ते उद्या दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडणार नाही. आमच्या कंपनीत लाल रंग असतो, तसंच हे. अध्यक्षांनी एवढीच पुस्ती जोडली, की मालकाची परवानगी घेऊन मारायचा. मी महाद्वार रोडवर शिक्का करून घेतला, करंगळीच्या नखाएवढा, ‘बनावट’ अशी चार अक्षरं आणि जांभळी शाई. तो मी शर्टाच्या खिशात ठेवायचो. मंडळात कुणी नवीन वही उघडली की माझा हात आधी खिशाकडं जायचा. लोक हसायचे, मलाही बरं वाटायचं.

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. पेठ वडगावला त्यांचं शेत आहे. ऊस, दोन म्हशी, आणि परवा-परवापर्यंत हंगामात स्वतःचं गुऱ्हाळ. शिक्षण सातवीपर्यंत. तरुणपणी वडगावच्या पोस्टात एक मास्तर होते, तिकिटं जमवणारे. देशभर पत्रं लिहून अदलाबदल करायचे. मामा दूध घालायला जायचे आणि त्यांच्या ओसरीवर बसून राहायचे. बसता बसता नाद लागला. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. जाताना ते आपली वही मामांना देऊन गेले. मामांनी ती जिवापाड जपली. सासूबाई म्हणायच्या, "एवढा येळ म्हशीजवळ बसला असता तर आणि दोन लिटर दूध दिलं असतं तिनं."

आमचं लग्न ठरलं तेही तिकिटांमुळंच. बघायच्या कार्यक्रमात मामांनी विचारलं, "नोकरीबिगर काय करता?" मी म्हटलं, पोस्टाची तिकिटं जमवतो. माणूस जागेवरून उठला की हो! आत जाऊन सासूबाईंना म्हणाले, "आता दुसरं स्थळ बघायचं न्हाई." हे मला बायकोनं लग्नानंतर सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. "पावणं" म्हणतात. मी जेवल्याशिवाय जेवत नाहीत. मी काही बोललो आणि ते चूक असलं तरी "बराबर हाय" म्हणतात. जावयाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. मी त्या रीतीचा पुरेपूर फायदा घेतला, इतकी वर्षं. मला वाटायचं, मी बरोबरच असतो.

मामांची एकच इच्छा होती. आमचं मंडळ दोन-तीन वर्षांनी जिल्ह्याचं प्रदर्शन भरवतं. त्यात ज्याला जागा मिळते त्याला एक फ्रेम मिळते, म्हणजे काचेमागं सोळा पानं लावायचा फळा. मास्तरांची वही एकदा अशी काचेमागं लागावी, चार लोकांनी वाकून बघावी, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्या बायकोजवळ बोलले होते. वडिलांना ती अण्णा म्हणते. माझ्याजवळ बोलायचा संकोच. शेवटी तीच म्हणाली, "अण्णांना न्या की एकदा मंडळात." म्हणून मी म्हटलं, या दुसऱ्या रविवारी.

आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, आणि कापडाच्या दुकानाच्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली वही. सगळ्यांसाठी शेंगा भाजून आणलेल्या. अध्यक्षांनी खुर्ची दिली तर ती माझ्याकडं सरकवली आणि स्वतः बाकावर बसले. मग वही उघडली. बाकीची पानं साधी होती, पण सहाव्या-सातव्या पानावर एका डोंगरी संस्थानाचं निळं तिकीट होतं, एक आण्याचं. सगळे पुढं झुकले.

मी झुकलो नाही. तसंच तिकीट माझ्याकडंही होतं आणि ते माझ्या संग्रहाचं नाक होतं. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेलं, पाकिटावर त्याच्याच हातची ‘मूळ’ अशी चिठ्ठी. त्या तिकिटाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात चौकटीची रेघ तिळाएवढी तुटलेली आहे. हीच मूळ तिकिटाची खूण, असं मी ठरवून टाकलं होतं. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. माझ्याकडचं मूळ, त्यावर ही खूण, म्हणून ही खूण मूळची. मंडळात मी दोनदा त्यावर बोललो होतो, फोटो मोठे करून पडद्यावर दाखवले होते. माझं तिकीट कधी तज्ज्ञांच्या समितीकडं तपासायला पाठवलं होतं का? तेही नाही. कंपनीत आमची मोजमापाची साधनं वर्षातून एकदा बाहेर तपासून येतात. तारीख उलटलेलं साधन कुणाच्या हातात दिसलं तर मी त्याचा पाणउतारा करतो. आणि इथं मी न तपासलेलं माप घेऊन सगळ्या गावाचं मोजत होतो.

मामांच्या तिकिटाचा कोपरा मी बघितला. रेघ अख्खी होती.

"मामा," मी उभा राहिलो, "कोपरा बघा."

भिंग फिरलं. प्रत्येकानं बघितलं. मी तिकीट चिमट्यानं उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. कागदात आडव्या रेघा दिसल्या. तसा कागद जुना, मी तो बघितला. दिसलं नाही असं म्हणणार नाही, चांगलं दिसलं. म्हटलं, "जुना कोरा कागद बाजारात मिळतो की. लबाड लोक त्यावरच छापतात."

डॉक्टर म्हणाले, "पण दोन तिकिटांत फरक आहे म्हणजे चूक याचीच कशावरून? तुमच्याकडच्याची असू शकते."

"डॉक्टर, तुम्ही दात उपटा, तिकिटं आमच्याकडं सोडा!"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. मामा तेवढे हसले नाहीत. ते कोपऱ्याकडं बघत होते. म्हणाले, "पावणं, रेघ अख्खी हाय म्हंजे..." आणि थांबले. माझ्या तोंडाकडं बघितलं, मग सभोवार बसलेल्या माणसांकडं बघितलं.

"म्हंजे काय, मामा?"

"काय न्हाई. तुमी म्हणताय म्हंजे असंल तसंच."

माझा हात खिशात गेलेला होता. "मग मारू का शिक्का? नियम आहे."

"मारा की," मामा म्हणाले.

मी शिक्का मारला. लाल ब्रश ओढायची सवय, त्यामुळं दाबून मारला. कागद पातळ होता. शाई झिरपली आणि पुढच्या बाजूला निळ्यावर जांभळट डाग उतरला. अध्यक्ष म्हणाले, "मानलं तुम्हाला. सासऱ्यालाही सोडलं नाही!" दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या टाळ्या घेतल्या. आज ते आठवलं की मान खाली जाते. मी हसून टाळ्या घेतल्या आणि मामा वही टॉवेलात गुंडाळत होते. घडी नीट बसेना, म्हणून त्यांनी ती दोनदा उलगडून घातली.

त्या दिवशी घरी पुरणपोळीचा बेत होता. मामा थांबले नाहीत. म्हैस आजारी आहे म्हणाले आणि एसटी पकडून गेले. रात्री बायको म्हणाली, "म्हैस काय आजारी न्हाई. मी आईला फोन केला."

"मग काय, सासरा आहे म्हणून खोट्याला खरं म्हणू?"

"म्हणू नका. पर शिक्का घरात मारला असता तर चाललं नसतं व्हय? पंधरा माणसांत म्हाताऱ्याला..." आणि ती भांडी घासायला उठली. मी टीव्ही लावला.

फ्रेमचा विषय संपला. बनावट माल बाळगणाऱ्याला कोण फ्रेम देणार? मामा मात्र मंडळात यायचे. दुसरा रविवार चुकवला नाही. मागच्या बाकावर बसायचे, वही आणायचे नाहीत, जेवायला थांबायचे नाहीत.

पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. कंपनीत ओतकामाच्या दोन खेपा एकात एक मिसळल्या होत्या. काही नगांच्या कडेला बारीक खोट होती, काही नग स्वच्छ होते. शिफ्टचा इंजिनिअर डोकं खाजवत उभा. आधीची खेप कुठली आणि नंतरची कुठली, हे त्याला लावता येईना. मी नेहमीसारखा कडाडलो, सगळ्या शॉपला ऐकू जाईल असा. "अहो, पगार कशाचा घेता? साचा झिजतो, तुटतो, पण भरून कधी येत नाही! खोट दिसती ते नग नंतरचे. अख्खे आहेत ते आधीचे. हे शेंबड्या पोरालाही..."

आणि माझं तोंड तसंच राहिलं.

"सर, बरं वाटत नाही का?" इंजिनिअर विचारत होता.

बरं कसलं वाटतंय! तुटकी रेघ नंतरची. अख्खी रेघ आधीची. साचा कपाटात पडून राहिला, कैक वर्षांनी बाहेर काढला, तोवर त्याचा कोपरा उडालेला, आणि त्यावर हौशी लोकांसाठी परत तिकिटं छापली. माझं निळं तिकीट त्यातलं. माझंच पुनर्मुद्रण होतं. मामांचं मूळ. जी गोष्ट मी दिवसातून चारदा ओरडून दुसऱ्याला शिकवतो, ती माझ्या लाडक्या तिकिटावर मला दोन दशकं दिसली नव्हती. दिसली नव्हती म्हणजे बघितलीच नव्हती.

घरी येऊन मी माझं तिकीट खिडकीत धरलं. कागद गुळगुळीत, आडवी रेघ एकही नाही. तरीही मन मानेना, म्हणून दोन्ही तिकिटांचे फोटो पुण्यातल्या एका जाणत्या वृद्ध संग्राहकांना पाठवले. मामांच्या तिकिटाचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर होताच, शिक्का मारायच्या आधीचा. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तुटक्या कोपऱ्याचं ते पुनर्मुद्रण, अख्ख्या कोपऱ्याचं मूळ. अशी मूळ तिकिटं मी आयुष्यात मोजकीच बघितली आहेत, ज्यांचं आहे त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि जमलं तर प्रत्यक्ष दाखवा. असं लिहिलं होतं.

तो नमस्कार मी मामांना पोचवला नाही. मेल पुसून टाकला.

का नाही सांगितलं, याला कारण म्हणाल तर कारण नाही. दर रविवारी ठरवायचो, आज सांगू. मग वाटायचं, सांगून आता काय होणार, शाई काय निघणार आहे? मग वाटायचं, एकट्या मामांना सांगू. पण चूक चारचौघांत केली आणि माफी कोपऱ्यात मागायची, हे मलाच पटेना. आणि चारचौघांत मागायची हिंमत नव्हती. डॉक्टरांचं तोंड डोळ्यांपुढं यायचं. अध्यक्षांचं यायचं. असे आठ महिने गेले. शिक्का मी खिशातून काढून ड्रॉवरच्या तळाला टाकला. कुणी विचारलं तर शाई वाळली म्हणायचो.

मग प्रदर्शनाची बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "यंदा एक फ्रेम नवीन करू. खरं आणि खोटं तिकीट कसं ओळखायचं. शाळेची मुलं येतात, त्यांना उपयोगी. ते निळं तिकीट मधोमध लावू, शिक्क्यासकट. शेजारी आपल्या साहेबांचं मूळ." मागच्या बाकाकडं वळून त्यांनी मामांना विचारलं, "द्याल ना?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी चहाच्या कपात बघत होतो. कपात साय आली होती, ती बोटानं बाजूला करत होतो. एक शब्द बोलायचा होता. नको. एवढा एक शब्द.

"देतो की," मामा म्हणाले. "तेवढीच माझी एक फ्रेम हुईल."

लोक हसले. मीही हसलो, हे लिहायला पाहिजे.

प्रदर्शनाच्या दिवशी मामा आणि सासूबाई सकाळच्या पहिल्या गाडीनं आले. सासूबाईंनी ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. मी हॉलमध्ये पोचलो तेव्हा मामा त्या फ्रेमपुढं उभे होते, हात मागं बांधून. सोळा पानं त्यांनी स्वतः लावली होती. पंधरा पानांवर मास्तरांची साधी तिकिटं, प्रत्येकाखाली त्यांच्या हातचं सावकाश काढलेलं अक्षर. आणि मधल्या पानावर दोन निळी तिकिटं. माझ्या तिकिटाखाली लिहिलं होतं, ‘मूळ’. त्यांच्या तिकिटाखाली लिहिलं होतं, ‘बनावट. ओळखणारे, आमचे जावई.’

ते मी दोनदा वाचलं. आता बस्स. आता सांगायचंच. हॉलमध्ये माणसं जमत होती, अध्यक्ष माइक तपासत होते. माइक हातात घ्यावा आणि सांगावं, असं मनात आलं. पण आधी मामांना सांगणं भाग होतं.

"मामा," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू येईना. "मामा, ते तिकीट खरं आहे. माझंच नंतर छापलेलं आहे. मी चुकलो."

मामांनी मान वळवली नाही. "ठाऊक हाय," म्हणाले.

"कधीपासनं?"

"त्याच दिशी. पावणं, आमी गुऱ्हाळ केलंय. ढेपेच्या डब्याला पोचा आला की म्होरल्या समद्या ढेपांना पोचा येतो. बिनपोच्याची ढेप म्हंजे आदुगरची. त्यात काय एवढं? मास्तरबी सांगून गेलते, कोपरा बघ म्हणून."

"मग बोलला का नाहीत?"

"दहा माणसांत जावयाला खोटं पाडू? लेक नांदती माझी तुमच्या घरात."

मी म्हटलं, "मी आत्ता सांगतो सगळ्यांना. माइकवर सांगतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. ऊस तोडून राठ झालेला हात, सुटायचा सवालच नव्हता. "गप ऱ्हावा. ती बघा तिकडं." हॉलच्या दाराशी सासूबाई कुणा दोन बायकांना हात धरून आत आणत होत्या. "आमच्या पावण्यांनी वळखलं म्हणून सांगत हिंडालीया सकाळपासनं. जल्मात पयल्यांदा माझी तिकिटं बघायला आलीया. तिला आता काय सांगू?" मग जरा थांबून, अगदी हळू, "तिकीट तर गेलंच हाय. पावणं तरी ऱ्हाऊ द्या."

मी काही बोलणार एवढ्यात एक शिक्षिका फ्रेमजवळ आल्या. हातात वही, मागं पोरांची रांग. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि मामांना विचारलं, "आजोबा, हे बनावट आहे हे कशावरून ओळखायचं? उद्या वर्गात मुलांना सांगायचंय."

मामांनी माझं मनगट सोडलं. तोवर सासूबाई त्या दोन बायकांना घेऊन पोचल्या होत्या. मामा म्हणाले, "सांगा की पावणं."

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. अडवायला कुणी नव्हतं. सासूबाई कौतुकानं माझ्याकडं बघत होत्या, मामा काचेकडं बघत होते. मी घसा खाकरला.

"हा कोपरा बघा, बाई," मी म्हणालो, आणि माझा आवाज नेहमीसारखा मोठा झाला. "मूळ तिकिटात इथली रेघ तुटलेली असते. या तिकिटात ती अख्खी आहे. म्हणून हे खोटं."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. पोरांच्या गडबडीत शेवटचं त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्यांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. कोपरा त्यांना दिसावा म्हणून मामा काचेवर भिंग धरून उभे होते.